चिखलखोली

हिरड्याचा वास आवडतो असं म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. तुरट, कोंदट, औषधाच्या जुन्या बाटलीचं बूच काढावं तसा वास. पण गेल्या श्रावणात राजूरच्या त्या घरात पाऊल टाकलं, खोक्यांच्या ढिगाऱ्यामागून तो वास आला आणि मी जिथल्या तिथे उभी राहिले. पन्नास वर्षं झाली. घराचे पत्रे बदलले, भिंतींना किती रंग लागले कोण जाणे, घरमालक गेले, मालकांचा मुलगा गेला. वास मात्र न बोलावलेल्या पाहुण्यासारखा तिथेच ठाण मांडून बसलेला.

खरं तर आम्हाला राजूरला जायचंच नव्हतं. मी आणि माझी थोरली बहीण अक्का, नगरकडच्या अकोल्याला एका बारशाला गेलो होतो. बारसं उरकलं, घुगऱ्या खाल्ल्या, आता गाडीत बसायचं आणि दिवेलागणीच्या आत नगर गाठायचं, असं मी सकाळपासून चारदा बजावलं होतं. गाडी सुरू झाल्यावर ही म्हणाली, "राजूरला जाऊन येऊ." नगर पूर्वेला, राजूर पश्चिमेला. वर पाऊस असा की काचेपलीकडे रस्ता आहे हे विश्वासावर मानायचं. मी म्हणाले, "अगं, तुझे गुडघे बघ, पाऊस बघ, वेळ बघ." ती म्हणाली, "बघितलं." लग्न होऊन पाथर्डीकडे गेली तेव्हापासून ती अशीच बोलते. एक शब्द टाकते आणि गप्प बसते, मग आपण पुढे डोकं आपटत राहायचं.

घरात आता मालकांची नातसून राहते, सीमा. चांगली आहे बिचारी. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने मागच्या गल्लीतून स्वयंपाकघराच्या दाराने आम्हाला आत घेतलं. "पुढचं दार उघडत नाही, काकू. खोकी आहेत तिथं." मी अक्काकडे पाहिलं. अक्का दारातल्या प्लास्टिकच्या पायपुसण्याकडे पाहत होती. त्यावर इंग्रजीत 'वेलकम' लिहिलेलं होतं. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेली माझी बहीण चौकटीला धरून, कण्हत कुंथत, त्या अक्षरांना वळसा घालून आत आली. पाय न पुसता. मला हसावं की चिडावं कळेना, म्हणून मी सवयीने चिडले.

राजूरचा चिखल ज्याने पाहिला नाही, त्याला आमच्या आईचा संताप कळायचा नाही. तो नुसता पायाला लागत नाही, पाय मागून घेतो. चप्पल त्यात रुतली की आपण एक पाऊल पुढे आणि चप्पल मागे. बाजाराच्या दिवशी वरच्या वाड्यापाड्यांवरची माणसं उतरायची. त्यांच्या डोक्यावरच्या घोंगड्यांना ओल्या लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास असायचा. कौलांवर पाऊस इतका एकसारखा वाजायचा की तो थांबला की कान दुखायचे. आणि या सगळ्या ओल्याचिंब जगातून जो कुणी आमच्या घरी यायचा, तो थेट आमच्या चुलीसमोर उतरायचा. कारण आमच्या घराला येण्याजाण्याचा दरवाजा एकच, स्वयंपाकघराचा.

दादा, म्हणजे आमचे वडील, वनखात्यात कारकून. ते यायचे, त्यांची ठिबकणारी छत्री यायची. दूध घेऊन हौसाबाई यायची. मी शाळेतून यायचे ती गुडघ्यापर्यंत बरबटून. आई पाटावर बसून भाकरी थापत असायची आणि तिथूनच ओरडायची, "पाय!" एवढाच शब्द. पाय पुसून ये, असं पूर्ण म्हणायला तिला उसंत नसायची. कधी कधी वाटतं, आईने मला उभ्या जन्मात नावाने जितकी हाक मारली नसेल तितकी 'पाय' म्हणून मारली.

आई भिंगारची. तिचे वडील तिथे लष्कराच्या कचेरीत नोकरीला, त्यामुळे ती सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. "आमच्या भिंगारला" हे दोन शब्द निघाले की दादा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. आमच्या भिंगारला म्हणे प्रत्येक वस्तूला जागा होती. व्हरांड्यात बुटांची फळी, कोटांना खुंट्या, छत्र्यांना उभा डबा. माणूस बाहेरचा धुरळा बाहेर ठेवून घरात यायचा. "आणि इथे?" आई विचारायची. "इथे चिखल माझ्या उतरंडीपर्यंत येतो."

घराला पुढचं दार नव्हतं असं नाही. बाजाराच्या रस्त्यावर उघडणारं चांगलं दोन फळ्यांचं दार होतं, आणि त्याच्या आत चार हात रुंद, आठ हात लांब अशी बोळकंडी. पुढे माजघर, मग स्वयंपाकघर. पण ते दार कधीच उघडत नसे. बोळकंडीत मालकांची हिरड्याची पोती रचलेली असायची. दार का बंद, ते नीट कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणायचं दक्षिणेला तोंड आहे, कुणी म्हणायचं तिथे जनावर निघालं होतं. मालकांना विचारलं तर ते पाऊसपाण्याच्या गप्पा काढायचे. मी लहान असताना माजघराच्या फटीतून आत पाहायचे. काळोखात एकच उन्हाची काडी, आणि तो तुरट वास.

अक्काचं लग्न ठरलं आणि ही बोळकंडी आईच्या डोळ्यांवर आली. झालं असं, की पाथर्डीकडची मंडळी अक्काला बघायला आली ती अर्थातच मागच्या दाराने. स्वयंपाकघराची चौकट बुटकी. मुलाच्या चुलत्यांनी फेटा सांभाळत आत डोकं घातलं आणि चौकटीवर असा आवाज झाला की आईच्या हातून पोह्यांची परात सुटली. मंडळी मोठ्या मनाची. कपाळावर टेंगूळ घेऊन चुलत्यांनी पोहे खाल्ले आणि होकारही दिला. पण आईच्या मनात ते टेंगूळ राहिलं ते राहिलंच.

"माझी पोर स्वयंपाकघराच्या दाराने सासरी जाणार नाही," ती दादांना म्हणाली. "पुढच्या दाराने जाईल. मी उंबऱ्यात उभी राहीन, तिच्या हातावर दही घालीन, ती 'येते' म्हणेल आणि मी 'ये' म्हणेन. आयुष्यात एवढं एकच मागतेय तुमच्याकडे."

"एवढं एकच?" दादा म्हणाले. "मागच्या आठवड्यात कपाट मागितलं होतंस."

दादांना अशा वेळी विनोद सुचायचे. मलाही सुचतात, आणि माझ्याही घरात ते कुणाला आवडत नाहीत.

मालकांना पोती हलवायला आईने कसं भाग पाडलं, ती कथा वेगळीच. रोज सकाळी ती त्यांच्या पेढीवर जाऊन नुसती उभी राहायची. पंधराव्या दिवशी मालक म्हणाले, "घ्या बाई ती खोली, पण मला शांतपणे चहा पिऊ द्या." पोती हलली. खाली वीतभर भुगा, उंदरांची घरटी, आणि भिंतींत मुरलेला तो वास, जो चुन्याचे दोन हात देऊनही गेला नाही.

तो उन्हाळा मला बहात्तर सालचा म्हणून आठवत नाही, खटखट आवाजाचा म्हणून आठवतो. तुका सुतार म्हणून होता. हाताने कामसू, पण त्याला प्रत्येक गोष्ट 'उद्या' करायची असायची. आई त्याच्या समोर पाट टाकून बसायची आणि उद्याला आज करून घ्यायची. आमचा जुना पाळणा होता, अक्का त्यात वाढली, मग मी. आईने तो मोडायला दिला. पाळण्याच्या तळाची फळी भिंतीला लागली आणि कठड्याच्या घोटीव, रंगीत दांड्या कापून त्यात सहा खुंट्या बसल्या. पहिली दादांची, दुसरी आईची, तिसरी अक्काची, चौथी माझी, दोन पै-पाहुण्यांच्या. भिंतीला लागून बाकडं, त्याच्याखाली चपलांना खण. कोपऱ्यात पाण्याचं पिंप, तांब्या, आणि खाली उताराची फरशी. पाय धुतले की पाणी भिंतीतल्या भोकातून थेट गटारात. कोनाड्यात कंदील. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला खालून गेरूचा हातभर पट्टा. मालक बघायला आले तेव्हा दारातच थबकले. "ही माझीच खोली का?" असं त्यांनी खरोखर विचारलं.

आणि पायपुसणं. सगळं पाणी तिथेच मुरलं. आईने दोन तरटं एकावर एक शिवली, कडेला तिच्या जुन्या इरकलीचे काठ लावले आणि मधोमध लाल लोकरीने, महिनाभर डोळे फोडून, 'सुस्वागतम्' भरलं. सुंदर होतं ते. मी आजवर कितीतरी महागडी पायपुसणी पाहिली, पण त्याची सर कशालाच नाही. आणि माझ्या आईएवढ्या शहाण्या बाईला हे कसं कळलं नाही, हे मला आजही कळत नाही.

"नाव काय ठेवायचं या खोलीचं?" आईने विचारलं. तिच्या मनात काहीतरी भिंगारचं होतं. दादा म्हणाले, "चिखलखोली." तेच नाव राहिलं.

पाऊस त्या वर्षी रडतखडतच आला. पण आमच्या डोंगरात आभाळ रुसलं तरी चिखलापुरतं देतंच. पहिला मान हौसाबाईला. आईने तिला मागच्या दाराने येऊ नकोस म्हणून बजावलं होतं. हौसाबाई पुढच्या दाराशी आली, तिने पांढऱ्या भिंती पाहिल्या, काठाचं तरट पाहिलं, आणि भर पावसात चपला रस्त्यावर काढून ती पायरीखाली उभी राहिली.

"ये की आत," आई म्हणाली. "त्यावर पाय पूस आणि ये."

"काय लिव्हलंय त्याच्यावर?"

"सुस्वागतम्. या म्हणून लिहिलंय."

हौसाबाईने जीभ चावली. "बाई, मला वाचाया येत न्हाई, पन अक्षर हाय त्ये तर दिसतंय. अक्षरावर पाय दिऊ व्हय मी? सरसोती कोपंल."

"अगं, पायपुसणं आहे ते!"

"आसंल. पन अक्षर हाय."

आणि ती वळून, गल्लीतून फेरा मारून, चिखलाच्या पायांनी मागच्या दाराने चुलीपाशी आली. आई पुढच्या दारात उभी, दूध मागच्या दारात. मी मध्ये माजघरात उभी राहून पोट धरून हसले आणि त्याबद्दल धपाटा खाल्ला.

मग हे रोजचंच झालं. कुणी तरटावरून उडी मारायचं आणि ओल्या फरशीवर घसरायचं. कुणी एवढ्या स्वच्छ खोलीत चपला कशा न्यायच्या म्हणून चपलांच्या खोलीबाहेर चपला काढायचं. मालकांची एक वहाण त्या पायीच कुत्र्याने पळवली, आणि त्यांनी ती आईकडे भरून मागितली. खुंट्यांवर ओली घोंगडी कुणी टांगेना. "भित्ताड खराब हुईल, बाई," म्हणायचे आणि तेच ठिबकतं घोंगडं माजघरातल्या आमच्या गादीवर ठेवायचे. आईने चिडून तरट पालथं घातलं. हौसाबाई म्हणाली, "पालथं पडलं म्हून अक्षर मरतंय व्हय?" आईने दादांना हुकूम सोडला, तुम्ही सगळ्यांदेखत त्यावर पाय पुसा. दादा मोठ्या निर्धाराने आले, पाय उचलला, आणि त्यांच्याही नकळत उडी मारून पलीकडे गेले. त्या दिवशी आई जेवली नाही.

"उसव की ती अक्षरं," अक्का म्हणाली.

"माझे डोळे गेले त्यात. मी नाही उसवायची. लोकांनी सुधरावं."

लोक काही सुधरले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. त्या अख्ख्या घरात चिखलखोली मनापासून वापरणारं माणूस एकच, अक्का. ती शिवणाच्या वर्गावरून यायची, बाकड्यावर बसायची, सावकाश एक पाय धुवायची, मग सावकाश दुसरा. छत्री तिसऱ्या खुंटीला. पाय पुसायला मात्र तिने फळीमागे स्वतःचं जुनं फडकं खोचून ठेवलं होतं, ते आईला कधी कळलं नाही. मग दार लोटून घेऊन तिथेच बसायची. मी बाहेरून दार वाजवायचे, "अगं, आटप की!" पन्नास वर्षांपूर्वीही ही बाई मला ताटकळतच ठेवायची.

त्याच पावसात पाथर्डीहून कार्ड आलं. पाऊस नाही, विहिरी आटल्या, गुरं चाऱ्यासाठी लांब पाठवली, यंदा लग्न धरू नये. दादांनी ते दोनदा वाचून दाखवलं. अक्का उठली आणि चिखलखोलीत जाऊन बसली. आईने वर्षभर ती खोली तशीच लखलखीत ठेवली. दर महिन्याला चुना, दर सणाला गेरू. कुणी वापरत नाही म्हणून ती खराब होईना, आणि खराब होत नाही म्हणून कुणी वापरेना. शेजारणी म्हणायच्या, "बाईंची खोली लग्नाला बसलीय." त्या खोलीबद्दल बोलायच्या, पण ऐकू अक्काला जायचं.

लग्न लागलं ते पुढच्या ज्येष्ठात, अगदी शेवटच्या मुहूर्ताला. आईने सगळं ठरवून ठेवलं होतं. मारुतीच्या देवळात अक्षता, आमच्या घरी पंगती, आणि पाठवणी पुढच्या दाराने. त्या वर्षी पावसाने मागची सगळी बाकी फेडायची ठरवली होती. पहाटेपासून धार तुटली नाही. वऱ्हाडाचा ट्रक ताडपत्री बांधून आला, बाजाराच्या रस्त्यावर थांबला, आणि पहिली उतरली ती नवऱ्यामुलाची आत्या. साठीची, हाडापेराने मोठी. तिने एक पाय खाली टाकला, तो घोट्यापर्यंत चिखलात गेला. पण आत्याबाईने लुगडं सावरलं, दुसराही पाय त्यातच टाकला, आणि तिथेच उभी राहून ओरडली, "आगं बया! चिखुल! ए पोरींनो, उतरा खाली, हितं चिखुल हाय!"

आणि पाथर्डीच्या बायका उतरल्या. वर्षभर ज्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, घागरभर पाण्यासाठी कोसभर चालल्या होत्या, त्या बायका नवी लुगडी पोटऱ्यांपर्यंत धरून आमच्या रस्त्यात चिखल तुडवत उभ्या राहिल्या. हसत होत्या. एकीने तर वाकून हातात घेतला आणि हुंगला. आम्ही राजूरकर दारादारांतून बघत राहिलो. आमच्या चिखलाला कुणी असं भेटेल, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आत्याबाई थेट पुढच्या दाराने आत. पायाखालचं तरट तिने पाहिलंही नाही. त्यावर दोन भक्कम पाय रोवून ती उभी राहिली.

"अहो, त्यावर अक्षरं..." मी म्हणाले. आईने मला चिमटा काढला.

"पुसा ना पाय," आई म्हणाली. वर्षभराने तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"पुसू? सालभर हेच्यासाठी आभाळाकडं डोळं लावले, आन आता आला तर पुसून टाकू?" आत्याबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे की पायाला जरा."

आणि चिखलाची ठसठशीत पावलं उमटवत ती माजघरात गेली. तिच्यामागे अख्खं वऱ्हाड. सगळ्यांनी तरट तुडवलं, कुणीही पाय पुसले नाहीत. मग ते बघून राजूरकरांची भीड चेपली. खुंट्यांवर घोंगड्या चढल्या, एकेकीवर चार चार. बाकड्याखालचे खण भरले, बाकडं भरलं, फरशी भरली. वहाणा, चपला, छत्र्या, इरली, कुणाचा कंदील, कुणाची कोंबडीसुद्धा. दुपारच्या पंगतीपर्यंत त्या आठ हातांच्या बोळकंडीत तीळ ठेवायला जागा नव्हती. आईने बांधलेली खोली त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. मी दादांना डोळ्यांच्या कडा टिपताना पाहिलं, म्हटलं कांदा चिरला असेल.

शेवटची पंगत उठता उठता कुणीतरी सांगत आलं, ओढ्याला पाणी चढतंय, आत्ता निघालात तर निघालात. ट्रकवाल्याने भोंगा धरला. पुढच्या रस्त्याला चाकं रुतत होती, म्हणून त्याने ट्रक फिरवून मागच्या गल्लीच्या तोंडाशी लावला होता. हे आईला कुणी सांगितलं नाही. ती केव्हाची दह्याची वाटी घेऊन, गर्दीतून वाट काढत, पुढच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली होती. भोंगा ऐकला तशी सगळी माणसं एकदम चिखलखोलीत घुसली. कुणाची वहाण कुणाच्या पायात, कुणाची छत्री कुणाच्या हातात, आणि सगळे वाकलेले. कुणाला आत सरकता येईना, कुणाला बाहेर.

मागे स्वयंपाकघरात अक्का उभी होती. शालू भिजलेला, मुंडावळ्या एका बाजूला. आत्याबाईने तिचा दंड धरला. "चल गं पोरी, वढा चढला तर हितंच ऱ्हावं लागंल."

अक्का मला म्हणाली, "आईला बोलाव."

मी धावले. माजघर ओलांडलं, चिखलखोलीच्या दाराशी पोचले, आणि समोर पाठीच पाठी. "आई!" मी ओरडले. पलीकडे, उघड्या दारात, पावसाच्या उजेडात मला तिचं डोकं दिसत होतं. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होती, ट्रक कुठून येतो ते. मी माणसांच्या पायांमधून रांगत गेले. कुणाच्या टाचेने माझी बोटं चिरडली. मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा भोंगा लांब गेला होता.

"आई, अक्का गेली."

"गेली? कुठून?"

"मागून."

आईने हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग माझा हात ओढून घेतला आणि त्यावर दही घातलं. माझ्या चिखलाच्या हातावर. मी ते खाल्लं. दुसरं काय करायचं ते आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने चिखलखोली खरवडून धुतली. माजघर सारवलं. स्वयंपाकघर सारवलं. पण मागच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, शेणाच्या ओल्या जमिनीत दोन पावलं उमटली होती, बारीक, जोडव्यांच्या खुणांसकट. आईने त्यांच्या भोवतीने सारवलं. आठ-पंधरा दिवस ती तसंच सारवत राहिली. मी त्या दाराशी आले की ती पाटावरून ओरडायची, "पाय!" पण आता ते 'पुसून ये'साठी नव्हतं, 'तिथे देऊ नकोस' म्हणून होतं.

मांडवपरतणीला अक्का आली तेव्हा पुढच्या दाराला आतून अडसर होता. "मागूनच या," आई म्हणाली. तिचा रुसवा माणसावर नव्हता, दारावर होता. अक्का मागून आली आणि मागूनच गेली. दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही. मला त्या दोघींना धरून गदागदा हलवावंसं वाटलं होतं, आजही वाटतं. पुढच्या वर्षी दादांची बदली झाली. निघताना आईने तरट गुंडाळून घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही. आईलाही जाऊन आता वीस वर्षं होतील.

"ही खोकी काढता येतील का?" अक्का सीमाला विचारत होती.

"अगं अक्का!" मी म्हणाले. "त्यांच्या घरी येऊन त्यांचं सामान हलवायला लावतेस?"

"हलवतील. चांगल्या हायेत."

सीमा खरंच चांगली. तिने खोकी काढली, मोडका कूलर काढला, जुना टीव्ही काढला. मीही काढली, बडबडत. ढिगाऱ्यामागे भिंतीला फळी होती. निळ्या ऑइलपेंटखाली, पण होती. खुंट्या पाचच राहिल्या होत्या. अडसर गंजून चिकटलेला. सीमाने खोबरेल आणलं, मी बत्त्याने ठोकला, माझ्या नखाला लागलं, आणि एकदाचं दार कुरकुरत उघडलं. पावसाचा उजेड आत आला. मी उंबऱ्यावर उभी राहून हात झटकत होते. "ये आता," मी ओरडले. "उघडलंय. आणि आटप, नगरला पोचायचंय."

अक्का माजघराच्या दारात दिसली. सावकाश निघाली. एक हात भिंतीला. तिसऱ्या खुंटीपाशी थांबली, तिच्यावरून अंगठा फिरवला, पुढे निघाली. आठ हातांची बोळकंडी. मी जन्मभर या बाईची वाट बघत आले आहे, पण तेवढी कधी बघितली नव्हती. ती उंबऱ्याशी आली, माझा खांदा धरून तिने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. पायरीवर उतरली. पाऊस तिच्या पांढऱ्या केसांवर पडायला लागला. मग ती वळली. माझ्याकडे नाही, माझ्या जरा वर, चौकटीकडे बघत म्हणाली,

"येते."

छत्री उघड, भिजशील, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं होतं. माझा हात मात्र पुढे झाला होता, तळवा वर करून, वाटी धरावी तसा.

"ये," मी म्हणाले. "पाय पुसून ये."